फुलं म्हणून पाठवलेली बंदूक

मखमलाबादच्या धनराजची गुलछडी अकोल्याला उतरली की तिथले व्यापारी आधी तिच्याकडं वळायचे. रातभराच्या प्रवासात इतरांच्या मालानं मान टाकलेली असायची, आणि याच्या काड्या मात्र आत्ताच वाफ्यातून काढल्यासारख्या ताठ. कोणी कौतुक केलं की धनराज आधी नाही-नाही म्हणायचा आणि मग अर्धा तास माल कसा बांधावा यावर बोलायचा. गोणपाट किती भिजवायचं, किती पिळायचं, काड्यांची तोंडं कुठल्या बाजूला ठेवायची, आणि प्लास्टिक का कधीच वापरायचं नाही. प्लास्टिकमध्ये माल घाम धरतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेजारचे मळेवाले त्याचं ऐकून अगदी तसंच बांधायचे, तरी त्यांचा माल सुकायचाच. मग धनराज म्हणायचा, हाताला गुण असावा लागतो.

त्याच्या मळ्याच्या तिन्ही बाजूंनी आता इमारती उठल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या बायका वाळत घातलेले कपडे काढताना खाली त्याच्या वाफ्यांत डोकावायच्या. बिल्डरांची माणसं येऊन चहा पिऊन जायची, आणि धनराज चहा पाजून त्यांना वाटेला लावायचा. माणूस हट्टी, पण व्यवहाराला चोख. वर ताजा माल रचून खाली शिळा दडवणं त्यानं जन्मात केलं नाही. फुलं देवाच्या डोक्यावर जायची असतात, तिथं कसली लबाडी करायची, असं तो चारचौघांत म्हणायचा. खरं बोलण्याचाही एक माज असतो, तो त्याला भरपूर होता.

त्याची मुलगी तृप्ती शाळेत असताना नेमबाजी शिकली. शाळेतल्या सरांच्या ओळखीनं धनराजनं तिला एक जुनी एअर रायफल घेऊन दिली होती. लाकडी दस्त्याची, परदेशी बनावटीची, वापरलेली पण जपलेली. गल्लीतली पोरं तिला छर्ऱ्याची बंदूक म्हणायची आणि धनराजला राग यायचा. तृप्ती सराव करायची तेव्हा तो बाहेर मोटरसायकलवर बसून राहायचा. आत काय चाललंय हे त्याला कधी नीट कळलं नाही, पण पोरगी बाहेर आली की तिच्या तोंडाकडं बघून आज कसं झालं ते कळायचं. पुढं ती पुण्याला नोकरीला लागली आणि रायफल कपाटात गोधड्यांच्या मागं उभी राहिली.

यंदा दिवाळीच्या तोंडावर तृप्तीनंच ती विकायचं ठरवलं. पडून पडून वाया जाण्यापेक्षा कुणाच्या हाती तरी चालेल, असं तिचं म्हणणं. खेळाडूंच्या ग्रुपवर तिनं फोटो टाकले आणि अकोल्याचे ललितराव म्हणून एक गृहस्थ मिळाले. त्यांची मुलगी सृष्टी नववीत होती, महिनाअखेरीला तिची विभागीय स्पर्धा होती आणि नवी रायफल घेणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांनी न बघता, तृप्तीच्या शब्दावर, सगळे पैसे आधीच पाठवून दिले. तृप्तीनं बापाला फोनवर बजावलं, की कुरिअरच्या भानगडीत पडू नका, बसनं तुम्ही स्वतः अकोल्याला घेऊन जा आणि पावती, कागद सोबत ठेवा. धनराज हो म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. पण दिवाळीचा हंगाम म्हणजे फुलवाल्याला अंगावरचा सदरा बदलायला सवड नसते. त्यानं आधी दोन कुरिअरवाल्यांना विचारून बघितलं. वस्तू काय म्हटल्यावर दोघांनीही हात वर केले. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली, नाक्यानाक्यावर तपासणी चाललेली. या रायफलीला लायसन लागत नाही हे धनराजला पक्कं माहीत होतं, पण ते एकेका माणसाला समजावत कोण बसणार? आणि रावजीला खरं सांगितलं असतं तर तो बिचारा घाबरला असता, किंवा त्याच्या मालकानं नाही म्हटलं असतं.

रावजी म्हणजे द्वारकेच्या चौकातून सुटणाऱ्या अकोल्याच्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर. हरसूलकडच्या डोंगरातला, हडकुळा, कमी बोलणारा. धनराजची फुलं कित्येक वर्षं त्याच्याच गाडीच्या डिकीतून जात होती. पावती नाही, लिहिणं नाही, गठ्ठे हातात द्यायचे आणि घरी यायचं. सकाळी अकोल्याचा व्यापारी उतरवून घ्यायचा. रावजी वयानं धनराजच्याच बरोबरीचा, पण तो धनराजला 'भाऊ' आणि 'तुम्ही' म्हणायचा आणि धनराज त्याला 'अरे रावजी'. हे असंच चालत आलेलं होतं, त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

धनराजला वाटलं, गुलछडीची काडी आणि रायफल, लांबीला काय फरक? त्यानं रायफल तिच्या कापडी पिशवीत घातली, वरून जुनी चादर गुंडाळली, चादरीवर कोरडं गोणपाट शिवलं आणि एका टोकाला गुलछडीच्या काही काड्या अशा खोचल्या की तुरे बाहेर डोकावतील. प्लास्टिक लावायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बायको ज्योत्स्ना दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, सांगून टाका ना रावजीभाऊंना, ते काय नाही म्हणणार आहेत का? धनराजनं तिला गप्प केलं. तुला बाहेरच्या गोष्टी कळत नाहीत, हे वाक्य नवरे नेमके चुकीच्या वेळी म्हणतात, तसंच त्यानंही म्हटलं.

द्वारकेला संध्याकाळच्या गर्दीत त्यानं गठ्ठे दिले आणि हा वेगळा गठ्ठा शेवटी दिला. हा व्यापाऱ्याला द्यायचा नाही, ललितराव नावाचे गृहस्थ अकोल्यात ट्रॅव्हल्सच्या ऑफिसमधून नेतील, असं सांगितलं. रावजीनं विचारलं नव्हतं, तरी पुढं जोडलं, की लग्नाचं घर आहे, सजावटीला खास माल आहे, वर काही ठेवू नकोस. ललितरावांनाही फोन करून फुलं म्हणूनच घ्या असं पढवलं. एक खोटं पाठवायला तीन खोटी सोबत द्यावी लागली. घरी येताना मात्र त्याला मोकळं वाटत होतं. काम झालं, तिकीट वाचलं, दिवस वाचला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ललितरावांचा फोन आला. नोकरीवरून सुटून ते ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला उशिरा गेले, तोवर गठ्ठा दिवसभर तिथंच पडून होता. माणूस सभ्य, आवाज चढवला नाही, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. रायफल ओलीचिंब होती. चादर पिळली तर पाणी निघालं. दस्ता फुगून सांध्यात तडकला होता, नेम जुळवायचं चाक फिरत नव्हतं, नळीच्या तोंडाशी तांबूस डाग धरले होते. सृष्टीनं ती पुसून पुसून वाळवायचा प्रयत्न केला आणि मग आतल्या खोलीत जाऊन बसली. ललितराव म्हणाले, "तुमच्या मुलीवर विश्वास ठेवून घेतली होती हो."

धनराजच्या अंगाची लाही झाली. आणि लाही झाली की माणसाला आपला दोष दिसत नाही, समोरचा दिसतो. डिकी धुतली असेल आणि तसंच पाणी ठेवून वर माल टाकला असेल, असं त्यानं ठरवूनच टाकलं. पुढच्या फेरीला गाडी लागली तेव्हा तो द्वारकेला जाऊन उभा राहिला. तिकिटं फाडणारा हिरामण, चहा पिणारे दोन-तीन ड्रायव्हर, फुलं-भाजी घेऊन आलेले मळेवाले, सगळे होते. त्या सगळ्यांदेखत त्यानं रावजीला धारेवर धरलं. माल भिजवून नासवला, लोकांचा भरवसा घालवला, इतकी वर्षं डोळे झाकून देतोय म्हणून तू डोळे झाकून टाकतोस का, असं बरंच काही. बोलताना त्याला आपलंच बोलणं पटत गेलं.

रावजी खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "भाऊ, डिकी कोरडी हुती. पाणी म्याच मारलं."

धनराजला कळेना. रावजीनं जसं सुचेल तसं सांगितलं. गाडी जेवायला थांबली की तो रोजच धनराजच्या गठ्ठ्यांवर बाटलीभर पाणी शिंपडायचा. पुढं चहाला थांबली की परत. पहिल्यापासूनच. कोणी सांगितलं नव्हतं. रात्रीच्या इंजिनाच्या उबेनं फुलं कोमेजतात, भाऊंचा माल हाय, बरं दिसत नाय, म्हणून. त्या दिवशी लग्नाच्या गठ्ठ्याचं गोणपाट हाताला अगदी कोरडं लागलं. वहिनी घाईत भिजवायला विसरल्या असतील असं त्याला वाटलं. म्हणून दर थांब्याला, चांगलं निथळेपर्यंत, त्यानं पाणी मारलं होतं.

द्वारकेच्या चौकात तेव्हा हॉर्नांचा कल्लोळ चाललेला असणार, पण धनराजला तो ऐकू आला नाही. अकोल्याच्या बाजारातली ती ताठ गुलछडी त्याच्या डोळ्यापुढं आली. हाताला गुण असावा लागतो, असं तो गावभर सांगत फिरत होता, आणि तो गुण या माणसाच्या पाण्याच्या बाटलीत होता. पण ते कबूल करायचं तर गठ्ठ्यात काय होतं तेही सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर आपण याला फसवून बंदूक न्यायला लावली हेही सगळ्यांपुढं सांगावं लागणार. जे तोंडाशी आलं ते भलतंच होतं.

"तुला पाणी मारायला कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला.

"कोनीच नाय. चुकलं भाऊ माझं," रावजी म्हणाला, आणि त्यानं सगळ्यांदेखत हात जोडले.

धनराजनं ते हात जोडू दिले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. घरी जाताना त्यानं मोटरसायकल पंचवटीच्या पुलाशी थांबवली आणि उगीच खाली पाण्याकडं बघत उभा राहिला. लाज वाटते म्हणजे काय होतं हे त्याला आजवर ऐकून माहीत होतं. आता पोटात दगड बसल्यासारखं ते बसलं होतं आणि हलत नव्हतं.

ललितरावांचे पैसे त्यानं सकाळीच परत केले. सृष्टीला तिच्या सरांनी क्लबची रायफल दिली, पण हात बसायला वेळच नव्हता, ती स्पर्धेत मागं पडली. तृप्तीला सगळं सांगावं लागलं. तिनं बापाला एकदाही टोचलं नाही. फक्त विचारलं, की रावजीकाकांना खरं काय ते सांगितलंत ना? धनराजनं लाइन खराब असल्याचं सोंग केलं. फोन ठेवल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, लाइन चांगली होती.

आणि इकडं माल सुकायला लागला. रावजीनं पाणी मारणं बंद केलं होतं. अकोल्याहून फोन यायला लागले, काय धनराजशेठ, हात बिघडला का? धनराजनं गोणपाट जास्त भिजवून बघितलं, काड्यांची दिशा बदलून बघितली. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका संध्याकाळी गठ्ठे देता देता, जणू सहज, तो म्हणाला, की त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो, तू आपलं पाणी मारत जा पूर्वीसारखं. अर्धी माफी, अर्धी सोय. रावजी कसनुसं हसला. नको म्हणाला. परत काही भिजलं म्हंजे? तुमचा माल तुमी नीट बांधता, म्या मधी हात नाय घालनार. त्यात राग नव्हता. कोणीतरी मारल्यानंतर मूल जसं लांबून जातं, तसं ते होतं. धनराजला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो द्वारकेला फुलांशिवाय गेला. हिरामण होता, चहाची गिऱ्हाइकं होती, त्या दिवशीचे जवळजवळ सगळे होते. ज्यांच्यापुढं बोललो त्यांच्यापुढंच सांगायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं. गठ्ठ्यात फुलं नव्हती. तृप्तीची रायफल होती. लग्नाचं घर वगैरे सगळं खोटं. तू पाणी मारलंस ते मी फुलं म्हटलं म्हणून, चूक तुझी नव्हती, माझी होती, आणि ते मला त्याच वेळी कळलं होतं, तरी तुला हात जोडू दिले. माल टिकायचा तोही तुझ्यामुळं. एवढं बोलून तो थांबला. मनाशी त्याला वाटलं होतं, सांगितलं की दगड उतरेल.

हिरामण हसला. फुलं म्हणून बंदुकीला पाणी घातलं, दुसरी उगवली असती, असं काहीतरी म्हणाला. बाकीचेही हसले. रावजी हसला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो गाडीच्या पायरीवर बसला.

"धुळ्याच्या अलीकडं नाका लागला हुता, भाऊ," तो म्हणाला. "साहेबानं डिकी उघडाया लावली. त्या गठ्ठ्याला काठी लावून म्हनला, ह्ये खोल. म्या म्हनलं, फुलं हायेत, खोलली तर हवा लागून मरतील. त्यो ऐकंना. मंग म्या नवसाची शपथ घेतली. म्हनलं, माझ्या लेकीची शपथ, फुलंच हायेत."

आता कोणी हसलं नाही. रावजीला मूल उशिरा झालं होतं, देवाला नवस बोलून. म्हणून पोरीचं नाव नवसा. द्वारकेवरच्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

धनराज म्हणाला, तुला कुठं माहीत होतं, अजाणतेपणी घेतलेली शपथ खोटी कशी होईल? रावजीनं मान हलवली. तो धनराजकडं बघत नव्हता. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलं नव्हतं. तुमी सांगितलं म्हनून तिची शपथ घेतली. ती सोडवाया पायजे. आमची म्हातारी म्हनती, ज्याच्यापायी शपथ खोटी पडली त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून 'सुटली' म्हनायचं. याल का?"

धनराज लगेच हो म्हणाला.

रावजीच्या सुटीच्या दिवशी दोघं एसटीनं हरसूलला गेले. बाजाराचा दिवस होता. डोंगरउतारावर भाताची कापणी चालली होती आणि वाटेनं डोक्यावर पेंढ्या घेतलेल्या बायका दिसत होत्या. बाजाराच्या कडेला, बांगड्यांच्या पालाजवळ, नवसा तिच्या आजीबरोबर उभी होती. अकरा-बारा वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, बापाला बघून उड्या मारत आलेली. धनराजला ती ओळखत नव्हती, पण बापाबरोबर आलाय म्हणजे चांगलाच माणूस असणार, अशा हिशोबानं तिनं वाकून नमस्कार केला. धनराजला मागं सरावंसं वाटलं.

रावजीनं लेकीला काही सांगितलं नव्हतं. धनराजला त्यानं फक्त मानेनं खूण केली. धनराजनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेलानं गार, चपटे केस. "सुटली," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही, म्हणून परत म्हणाला.

शपथ सोडवताना 'सुटली' म्हणतात हे नवसाला आजीमुळं माहीत होतं. तिनं वर बघितलं. "कशाची शपथ, काका?"

"काय नाय गं," रावजी घाईनं म्हणाला. "फुलांची कायतरी गोष्ट हाय. चल, तुला बांगड्या घ्यायच्या ना?"

रावजीनं हेही झाकलं. धनराजचा हात अजून पोरीच्या डोक्यावर होता. नुसतं गप्प राहिलं की झालं असतं. बापानं सांगितलेलं पोरीनं खरं मानलं असतं, आणि त्याच हाताखाली आणखी एक खोटं राहिलं असतं.

"फुलं नव्हती बाळा," धनराज म्हणाला. "बंदूक होती. तुझ्या बाबांनी ती नेताना फुलं आहेत म्हणून तुझी शपथ घेतली, कारण मीच त्यांना तसं खोटं सांगितलं होतं. आणि मग त्यांनाच चारचौघांत बोललो."

नवसानं बापाकडं बघितलं. रावजी बांगड्यांच्या पालाकडं बघत होता. तिनं धनराजच्या हाताखालून आपलं डोकं हळूच काढून घेतलं आणि ती बापाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.